यू-१७ विश्वचषकाआधीचं टेनिस: 'प्रिन्स ऑफ टेनिस'ची पार्श्वभूमी

'प्रिन्स ऑफ टेनिस' या जपानी अ‍ॅनिमेशन मालिकेत जपानचा कर्णधार ब्योदोइन फटका मारतो तेव्हा त्याच्या पाठीशी समुद्री चाचे उभे राहतात. २०२२ साली आलेल्या 'यू-१७ वर्ल्ड कप' या पर्वापासूनच बघायला घेतलं, तर हे टेनिस कुठल्या ग्रहावरचं, असं वाटणं साहजिक आहे. सुरुवात मात्र जमिनीवरच झाली होती.

कोनोमी ताकेशी यांची मूळ मांगा (जपानी चित्रकथा) जुलै १९९९ मध्ये 'शोनेन जंप' साप्ताहिकात सुरू झाली. नायक एचिझेन र्‍योमा बारा वर्षांचा, डावखुरा. त्याचं पहिलं अस्त्र ट्विस्ट सर्व्हिस, आणि ते खरं आहे. उजव्या हाताने रॅकेट खालून वर, डावीकडून उजवीकडे घासत नेली की टप्पा पडल्यावर चेंडू उसळून समोरच्याच्या डावीकडे वळतो. फोरहँडच्या तयारीत असलेल्या उजव्या खेळाडूच्या तो अंगावर येतो. म्हणून डावखुरा र्‍योमा ही सर्व्हिस उजव्या हाताने करतो. डावखुरा प्रतिस्पर्धी फुजी युताविरुद्ध मात्र तो हात बदलतो. अतिशयोक्ती फक्त उसळीत: चेंडू थेट तोंडावर येतो.

'तेझुका झोन'पाशी वाट बदलते. र्‍योमाच्या शाळेच्या संघाचा कर्णधार तेझुका चेंडूला अशी फिरकी देतो की प्रत्येक परतीचा फटका त्याच्याकडेच ओढला जातो. प्रत्यक्षात चेंडू तारांवर जेमतेम पाच मिलिसेकंद टिकतो आणि तेवढ्यात मारणारा स्वतःची फिरकी देतो. आधीच्या फिरकीची एवढी हुकमत राहत नाही.

पुढे शालेय स्पर्धांच्या शहर, कांतो (टोकियोभोवतीचा प्रदेश), राष्ट्रीय अशा पायर्‍या चढताना प्रत्येक नवा प्रतिस्पर्धी आधीच्यापेक्षा भारी दाखवणं भाग होतं. फटके फुगले ते यामुळे. जपानी चाहत्यांनी त्याला लाडाने 'तेनिनु' म्हटलं. जपानीत टेनिसला 'तेनिसु' म्हणतात आणि काताकाना लिपीत 'सु' आणि 'नु' जवळपास सारखेच दिसतात, म्हणजे टेनिससारखं, पण टेनिस नव्हे!

मार्च २००८ मध्ये ४२ खंडांवर पहिली मांगा संपली. पुढच्याच वर्षी 'जंप स्क्वेअर' मासिकात दुसरी सुरू झाली आणि गोष्ट राष्ट्रीय संघाच्या शिबिरात, तिथून विश्वचषकात गेली. खर्‍या जगात ज्युनिअर डेव्हिस कप १६ वर्षांखालच्यांचा असतो: तीन खेळाडू, दोन एकेरी, एक दुहेरी. गोष्टीतल्या विश्वचषकात तीन एकेरी, दोन दुहेरी, म्हणजे र्‍योमाच्या शालेय सामन्यांचाच साचा.

बघताना २००१–०५ चे १७८ भाग, मग राष्ट्रीय स्पर्धेचे ओव्हीए (टीव्हीऐवजी थेट व्हिडिओवर आलेले भाग), मग २०१२ ची मालिका हा क्रम पाळा. २०१२ ची टाळली तर तेझुका जर्मनीकडून का खेळतोय, हेच कळणार नाही.