अभ्यासाची सक्ती नाही, मग बेराखा का?

ज्यू धर्मशास्त्रातले स्त्रियांबद्दलचे दोन प्रश्न हमखास एकमेकांत मिसळतात. स्त्रीवर तोरा, म्हणजे ज्यूंचा मूळ धर्मग्रंथ, शिकण्याचं बंधन आहे का? आणि रोज सकाळी तोरासाठी म्हणायची बेराखा, म्हणजे देवाची स्तुती करणारं वचन, तिनेही म्हणायचं का? पहिल्याचं उत्तर 'नाही', म्हणून दुसऱ्याचंही 'नाही' असं अनेकजण गृहीत धरतात. ते चूक आहे.

आधी अभ्यास. 'तुमच्या मुलांना शिकवा' या आज्ञेतली मुलं म्हणजे मुलगे, असा अर्थ तालमूद या प्राचीन धर्मचर्चेच्या ग्रंथाने लावला आणि स्त्रियांना सूट दिली. पण सूट म्हणजे मनाई नव्हे. मिश्नात, म्हणजे तालमूदचा गाभा असलेल्या नियमसंग्रहात, धर्मगुरू रब्बी एलियेझर मुलीला शिकवण्याला कडाडून विरोध करतात, तर तिथेच बेन अझाय म्हणतात, बापाने मुलीला शिकवलंच पाहिजे. बाराव्या शतकात धर्मपंडित मायमोनिडीसने लिहिलं की शिकणाऱ्या स्त्रीला पुण्य मिळतं, मात्र आज्ञा असलेल्या पुरुषाइतकं नाही. मुलीला शिकवू नये हे जुनं मतही त्याने पुढे नोंदवलं. ते मला आजही खटकतं. १९१७ साली क्राकूवमध्ये सारा शेनिररने मुलींसाठी शाळा काढली, आणि कर्मठ समाजातही मुलींच्या धर्मशिक्षणाने मूळ धरलं.

आता बेराखा. योसेफ कारोच्या 'शुल्हान आरुख' या धर्मनियमांच्या संहितेचा निर्णय सरळ आहे: स्त्रिया तोराच्या बेराखा म्हणतात. गंमत म्हणजे हाच कारो शोफार, म्हणजे विधीत फुंकायचं शिंग, याच्या बाबतीत सांगतो की स्त्रियांनी तो फुंकायला हरकत नाही, पण बेराखा म्हणू नये, कारण त्यांच्यावर ते बंधन नाही. मग इथे वेगळा न्याय का? एक उत्तर असं की शब्बाथ हा विश्रांतीचा दिवस, कोशेर म्हणजे धर्मसंमत अन्न, असे जे नियम स्त्रीला पाळायचे आहेत ते शिकणं तिच्यावर बंधनकारकच आहे. म्हणजे सूट पूर्ण नाहीच. मला हे उत्तर सर्वांत पटतं. व्हिल्ना गाओन या थोर विद्वानाला ते मान्य नव्हतं. अश्कनाझी, म्हणजे मध्य आणि पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या, परंपरेत स्त्री स्वेच्छेने केलेल्या आचारावरही बेराखा म्हणते, तशीच ही, असं त्याचं म्हणणं. ब्रिस्क शहराच्या रब्बींचा विचार तिसराच: ही बेराखा अभ्यासाच्या कृतीवर नाही, खुद्द तोरावर आहे, आणि तोरा स्त्रीचीही आहे.

बेराखा म्हटली की लगेच थोडं शिकायचं असतं. म्हणून त्यापाठोपाठ याजकांचा आशीर्वाद आणि मिश्नातला एक उतारा वाचतात. अनेक सत्कृत्यं सांगून तोराचा अभ्यास त्या साऱ्यांच्या तोडीचा, असं त्या उताऱ्याच्या शेवटी येतं. हे वाचन स्त्रियाही करतात. मूळच्या स्पेन-पोर्तुगालच्या ज्यूंच्या सेफार्दी पद्धतीत, आणि म्हणून आपल्या कोकणातल्या बेने इस्राएल समाजाच्याही परंपरेत, पहिल्या बेराखेचे शब्द 'तोराच्या वचनांविषयी' असे आहेत. अश्कनाझी 'तोरात रमून राहण्याची आज्ञा' म्हणतात.

कारण कोणतं धरावं याने व्यवहारातही फरक पडतो. स्त्रीवर खरोखर बंधन असेल, तर तिची बेराखा ऐकून, आमेन म्हणून पुरुषाचंही कर्तव्य पार पडू शकतं. गाओनचं कारण धरलं, तर तिची बेराखा ऐच्छिक ठरते, आणि पुरुषाला ती स्वतःच म्हणावी लागते.