गॅसची केळी म्हणजे नेमकी कोणत्या गॅसची? इथिलीन आणि कार्बाइडमधला फरक

"गॅसन्या शेतस का ह्या?" म्हणजे ही गॅसवर पिकवलेली केळी आहेत का, जळगावात लोटगाडीपुढे उभं राहून हे विचारणारे भरपूर भेटतात, आणि गाडीवाल्याचं उत्तरही ठरलेलं, नाही हो भाऊ, एकदम नॅचरल. आता प्रश्न पण अर्धवट आणि उत्तर पण अर्धवट. केळं कुठेही पिकू द्या, ते गॅसनेच पिकतं, कारण पिकायला लागलं की तो गॅस केळं स्वतःच सोडतं. विचारायचंच तर गॅस कोणता ते विचारा.

दोन नावं आहेत, इथिलीन आणि ॲसिटिलीन. ऐकायला सारखी, रेणूही जवळपास सारखे, दोन्हीत कार्बन दोन-दोनच, फक्त इथिलीनला हायड्रोजन चार आणि ॲसिटिलीनला दोन. कार्बाइडपासून निघतो तो ॲसिटिलीन. लोक या दोघांना एकाच पोत्यात भरतात आणि मग व्हॉट्सॲपवर चेंबरचा, म्हणजे केळी पिकवायच्या बंद खोलीचा व्हिडिओ फिरतो की बघा कसं केमिकल मारतात. रावेर-यावलच्या केळी पट्ट्यात राहून असं काही फॉरवर्ड करायचं म्हणजे जरा अतिच होतं.

आधी इथिलीन. हा वनस्पतीचा स्वतःचा हार्मोन आहे. केळं, आंबा, पपई, टमाटा, ही फळं तोडल्यावरही पिकतात आणि पिकताना इथिलीन सोडतात, तो शेजारच्या फळाला लागला की तेही पिकायला लागतं. म्हणून कच्च्या केळ्यांच्या पिशवीत एक पिकलेलं केळं टाकून तोंड बांधून ठेवलं की काम होतं. जुन्या वखारीत केळी बंद खोलीत रचून धुरी द्यायचे, त्यातही हाच प्रकार, अर्धवट जळणाऱ्या काडीकचऱ्याच्या धुरात थोडा इथिलीन असतो. अमेरिकेत लिंबांना पिवळा रंग यावा म्हणून खोलीत केरोसीनचे स्टोव्ह लावायचे, सगळ्यांना वाटायचं उष्णतेनं होतं, १९२४ मध्ये डेनी नावाच्या संशोधकानं दाखवलं की काम स्टोव्हमधून निघणारा इथिलीन करतो. आता यात एक बारीक गोष्ट आहे, लिंबाची फक्त साल पिवळी होत होती, आत लिंबू जास्त पिकत नव्हतं. रंग येणं वेगळं आणि पिकणं वेगळं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग झाडावरच का पिकू देत नाहीत? एक तर दिल्ली-पंजाबला माल जायचा, पिवळा माल गाडीत भरला तर तिकडे शिकरण पोचेल. आणि दुसरं म्हणजे झाडावर ठेवलेलं केळं बऱ्याचदा तडकतं, घडातल्या सगळ्या फण्या एकदम पिकत पण नाहीत. म्हणून कटाई हिरवीच होते आणि पिकवणं नंतर, चेंबरमध्ये.

चेंबरमध्ये भीतीदायक काही नसतं. तापमान साधारण १६ ते १८ डिग्री, दमटपणा ९० टक्क्यांच्या आसपास, आणि पहिले चोवीस तास इथिलीन सोडायचा. किती, तर एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१६ मध्ये घातलेली मर्यादा आहे १०० पीपीएमपर्यंत, म्हणजे दहा हजार लिटर हवेत एक लिटर. एवढ्याशा गॅसने काय होणार असं वाटतं पण हार्मोन असाच असतो, तो फक्त सुरू करून देतो, पुढचा इथिलीन केळी स्वतः बनवतात. मग दार उघडून हवा खेळवावी लागते, कारण फळं श्वास घेतात आणि कार्बन डायऑक्साइड साचला की पिकणं अडतं. शिवाय केळी गरम होतात, म्हणून कूलिंग चालूच ठेवावं लागतं. चार-सहा दिवसांत माल तयार.

तापमानाचा मुद्दा आपल्याकडे फार महत्त्वाचा. आपल्या बाजारात जी केळी सगळ्यात जास्त दिसतात ती ग्रँड नैन जातीची, आणि तिचा स्वभाव असा की २४-२५ डिग्रीच्या वर पिकवली तर आतून मऊ होते पण सालीतला हिरवा रंग नीट जात नाही. मे महिन्यात भुसावळला पारा ४५ च्या आसपास, अशा वेळी घरी ठेवलेली फणी हिरवट-पिवळट राहते आणि आत लगदा, ते यामुळे. उलट फ्रिजमध्ये ठेवली तर १३ डिग्रीच्या खाली साल काळी पडते, आत केळं चांगलं असतं तरी फेकून देतात लोक.

आता कार्बाइड. कॅल्शियम कार्बाइड म्हणजे करड्या-काळ्या रंगाचे खडे, बाजारात याला "मसाला" म्हणतात. पाणी लागलं, अगदी हवेतली किंवा फळाची ओल लागली तरी ॲसिटिलीन सुटतो आणि मागे चुना उरतो. गॅस वेल्डिंगच्या दुकानामागे पांढऱ्या चिखलाचा ढीग दिसतो ना, तोच हा. ॲसिटिलीन रचनेनं इथिलीनच्या जवळचा म्हणून फळ फसतं आणि पिकायला लागतं, पण त्याचा जोर फारच कमी, कित्येक पटीने जास्त गॅस लागतो, आणि कागदात बांधलेल्या पुडीतून तो सगळीकडे सारखा पोचत नाही. मग पुडीजवळची फळं एक, लांबची दुसरीच, आणि वरून रंग आला तरी आत पिठूळ.

पण फळं पिकवायला कार्बाइडवर बंदी आहे ती चव बिघडते म्हणून नाही. बाजारातलं कार्बाइड शुद्ध नसतं, त्यात आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असतात, आणि त्यांचे विषारी वायू ॲसिटिलीनबरोबर बाहेर पडतात. शुद्ध ॲसिटिलीनला जवळपास वास नसतो, कार्बाइडचा जो लसणासारखा वास येतो तो या भेसळीचा. सगळ्यात जास्त त्रास पुड्या हाताळणाऱ्या हमालाला, दिवसभर तोच ते हुंगतो, वर गॅस पेट घेणारा. अन्नसुरक्षेच्या २०११ च्या नियमांत कार्बाइडने फळं पिकवायला सरळ मनाई आहे. तरी वापरतात, कारण चेंबर बांधायला पैसा आणि लाईट लागते, पुडीला काहीच लागत नाही.

ओळखायचं कसं, इथे नेटवर भयंकर गोंधळ आहे. "देठ हिरवा आणि बाकी पिवळं म्हणजे कार्बाइड" हे सगळ्यात जास्त फिरणारं. चुकीचं. चेंबरचा चांगला मालसुद्धा टोकं हिरवी असतानाच बाहेर काढतात, म्हणजे दुकानात दोन दिवस टिकतो. एकसारखा पिवळा रंग हीसुद्धा खूण नाही, उलट चेंबरचाच माल जास्त एकसारखा असतो. काळे ठिपके आले म्हणजे नैसर्गिक, हेही खरं नाही, ठिपके कुठल्याही केळ्याला येतात, जास्त पिकलं की.

केळं खरंच पिकलं की नुसतं रंगलं हे मात्र घरी बघता येतं. मेडिकलमधून टिंक्चर आयोडीन आणा, केळ्याची आडवी चकती कापा आणि दोन थेंब टाका. कच्च्या केळ्यात स्टार्च २० टक्क्यांच्या आसपास असतो, चकती बघता बघता निळी-काळी होते. पिकताना स्टार्चची साखर होते, एक-दोन टक्केच उरतो, मग आयोडीन आपला तपकिरी रंग धरून बसतं. पिवळ्याधमक केळ्याची चकती काळीकुट्ट झाली तर समजा नुसता रंगच आलाय. यातून कोणता गॅस ते कळत नाही, तेवढं ध्यानात असू द्या, आणि ती चकती खाऊ नका.

खरा धोका केळ्यापेक्षा आंब्यात जास्त वाटतो मला, त्यातही आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आधी. सणाला घरोघरी रस पाहिजे, झाडावरचा आंबा अजून तयार नाही, अशा वेळी पेट्यांमध्ये पुड्या निघतात. त्यातही पंचाईत अशी की इथिलीन सोडणाऱ्या पुड्याही मिळतात आणि त्यांना परवानगी आहे, अट एवढीच की आतली पावडर फळाला लागता कामा नये. इथेफॉन या इथिलीन सोडणाऱ्या रसायनाच्या पाण्यात आंबे बुडवून काढणं वेगळं, ते चालत नाही. पुडीवर काही छापलेलं नसेल, साध्या कागदात करडे खडे किंवा पांढरी भुकटी असेल आणि पेटी उघडताच लसणाचा वास आला तर तो मसालाच. खडा पाण्यात टाकला तर फसफसतो आणि पाणी कोमट होतं, पण हे उघड्यावरच करा, जवळ काडी, शेगडी, बिडी काही नको. आणि पेटी दुकानातच उघडून बघा, घरी आणल्यावर कोण परत घेतो.