भोंगा, उन्हाळा आणि क्रोनी

गिरणीच्या भोंग्यावर घड्याळ लावायचं, तर त्यात एक बारीक चूक राहतेच. आवाज सेकंदाला साधारण ३५० मीटर जातो. जुन्या सोलापुरात गिरणीपासून दोन किलोमीटरवर राहणाऱ्याला भोंगा सहाएक सेकंद उशिरा ऐकू येणार, आणि घड्याळही तेवढंच मागे लागणार.

नेटवर्कवरून वेळ आणतानाही अडचण तीच. १९८५ मध्ये डेव्हिड मिल्स यांनी मांडलेला एनटीपी (नेटवर्कवरून घड्याळं जुळवण्याची पद्धत) त्यासाठी चार वेळा टिपतो: प्रश्न आपल्याकडून कधी निघाला, सर्व्हरला कधी मिळाला, उत्तर तिथून कधी निघालं, आपल्याकडे कधी पोचलं. त्यावरून वाटेत गेलेला वेळ वजा करता येतो. गृहीत एकच, जायला-यायला सारखाच वेळ लागतो. मोबाइल हॉटस्पॉटवर तसं नसतं. दोन वाटांत जितका फरक, त्याच्या निम्मी चूक घड्याळात उतरते.

एकदा हाताने वेळ लावून भागत नाही. संगणक बंद असताना मदरबोर्डवरचा, सेकंदाला ३२,७६८ कंपनं करणारा क्वार्ट्‌झ वेळ सांभाळतो. तो २५ अंशांच्या आसपास सर्वात वेगात असतो. त्याहून तापला की मंदावतो, गारठला तरीही. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत पत्र्याच्या शेडखाली पारा ४५ वर गेला, तर दिवसाला सव्वाएक सेकंद त्यातच जातो. स्फटिकाची मूळ तफावत वेगळीच.

डेबियन किंवा उबुंटू या लिनक्स प्रणालींवर, एनटीपीने घड्याळ जुळवत राहणारं सॉफ्टवेअर क्रोनी बसवावं: ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल क्रोनी’ (टंकताना अर्थात रोमन लिपीत). मांडणीची फाइल ईटीसीखालच्या क्रोनी फोल्डरमध्ये, नाव क्रोनी.कॉन्फ. तिच्यात ‘पूल इन.पूल.एनटीपी.ऑर्ग आयबर्स्ट’ ही ओळ पुरते. तेवढ्यावर साधारण चार सर्व्हर मिळतात. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचा टाइम.एनपीएलइंडिया.ऑर्गही जोडता येतो. दोनच सर्व्हर मात्र ठेवू नयेत: दोघांत वाद झाला तर खोटा कोण, हे ठरवायला तिसरा लागतो.

त्याच फाइलमधली ‘मेकस्टेप १ ३’ ही ओळ काढू नका. सुरुवातीच्या तीन दुरुस्त्यांपर्यंत एक सेकंदाहून जास्त चूक असेल, तर क्रोनी घड्याळ थेट उडी मारून लावतं. पुढे ते फक्त घड्याळाचा वेग किंचित कमी-जास्त करतं, कारण चालू बिलिंगमध्ये वेळ मागे उडाली की नंतरचं बिल आधीच्या वेळेचं दिसतं. मध्येच कोणी हाताने वेळ बिघडवली, तर ‘सुडो क्रोनीसी मेकस्टेप’.

मग सर्व्हिस रीस्टार्ट करून ‘क्रोनीसी सोर्सेस’ पाहावं. एका ओळीपुढे तारा (*) हवा. तोच सध्याचा आधार. ‘रीच’च्या रकान्यात काही मिनिटांनी ३७७ दिसावं. हा आकडा अष्टमान पद्धतीतला आहे. अर्थ, शेवटच्या आठही प्रश्नांना उत्तर आलं. तिथे शून्यच राहिलं तर बहुतेकदा राउटर किंवा फायरवॉलने एनटीपीची वाट, म्हणजे यूडीपी पोर्ट १२३, अडवलेली असते. ब्राउझर चालतो म्हणजे हेही चालेल, असं नाही.

दर वेळी सुरू करताच तारीख काही वर्षं मागे दिसत असेल, तर आधी मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल बदला. आणि तारा आहे, ३७७ आहे, तरी घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे? मग क्रोनीला हात लावू नका. ‘टाइमडेटसीटीएल’ ही आज्ञा देऊन टाइम झोन एशिया/कोलकाता आहे का ते बघा. त्याच मशीनवर विंडोजही असेल आणि तिथे गेल्यावरच साडेपाच तासांचा फरक पडत असेल, तर कारण हे: मदरबोर्डवरचं घड्याळ लिनक्स जागतिक वेळेत वाचतं आणि विंडोज स्थानिक वेळेत.