डोनर गाडीपासून हलकी किट कार बनवताय? कापाकापीआधी आरटीओचं बघा

किट कार म्हणजे सुटे भाग जोडून हाताने बांधलेली गाडी, आणि डोनर म्हणजे जिचे भाग काढून घ्यायचे ती जुनी गाडी. ओम्नीचं इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा ॲक्सल काढायचा, चौकोनी पाइपची फ्रेम वेल्ड करायची, वर पत्र्याची नाहीतर फायबरची बॉडी चढवायची, की पाचशे-सहाशे किलोची दोन सीटर तयार. जळगाव-धुळ्याच्या एमआयडीसीत लेथ आहेत, हात बसलेले वेल्डर आहेत. कारागिरीला खान्देशात तोटा नाही. अडतं ते पुढे. गॅरेजवाला सरळच विचारतो, "गाडी ते व्हई जाई भाऊ, पन पासिंग कशी व्हई?"

उत्तर आधीच देतो. घरी बांधलेली एकुलती एक गाडी तपासून घेऊन रस्त्यासाठी नोंदवायची, अशी सोय आपल्याकडे नाही. हा छंद मुळात ब्रिटनचा. १९५७ च्या लोटस सेव्हनपासून तिथे अशा हलक्या गाड्या बांधल्या जातात आणि एकेका गाडीची सरकारी तपासणीही होते. मोठे फेरफार केलेल्या गाडीचा जुना नंबर टिकवायला तिथे गुणांचा हिशेब लावला जात आला आहे. चेसिस म्हणजे सांगाड्याचे ५, सस्पेन्शन, ॲक्सल, गिअरबॉक्स आणि स्टिअरिंगचे प्रत्येकी २, इंजिनचा १. मूळ किंवा तशाच नव्या चेसिससह किमान ८ जमवावे लागत. तिकडचे व्हिडिओ पाहून इथे ग्राइंडर चालवणाऱ्यांनी हा हिशेब विसरावा. धुळे (एमएच-१८), जळगाव (एमएच-१९) किंवा नंदुरबारच्या (एमएच-३९) कोणत्याच खिडकीवर तो चालत नाही.

आपल्याकडे मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ लागू होतं. उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी आरसीवरची माहिती जुळणार नाही, असा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठासून सांगितलं. कलम १८२-अ प्रमाणे असा बेकायदा बदल केला तर प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

नवी गाडी म्हणूनच नोंदवू, असं कोणी म्हणेल. त्यासाठी नमुना २० च्या अर्जाला विक्री प्रमाणपत्र म्हणजे नमुना २१ आणि उत्पादकाचं रस्ता-योग्यता प्रमाणपत्र म्हणजे नमुना २२ जोडावं लागतं. नमुना २२ द्यायचा तर केंद्रीय मोटार वाहन नियम १२६ प्रमाणे गाडीचा नमुना पुण्याची एआरएआय, अहिल्यानगरची व्हीआरडीई अशा वाहन चाचणी संस्थेत पास झालेला हवा. त्यात ब्रेक, दिवे, धूर आणि प्रवासी कारला धडक चाचणीही येते. समोरची धडक ताशी ५६ किलोमीटरने. शिवाय १ एप्रिल २०२० पासून नव्या नोंदणीला धुराचं बीएस-६ मानक लागतं. ओम्नीचं ७९६ सीसीचं जुनं इंजिन तिथेच बाद. गाडी हलकी आहे म्हणून सूट मिळत नाही. हा मार्ग कारखानदाराचा आहे, हौशी माणसाचा नाही. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या एका कारागिराने भंगारातून छोटी जीप बनवली, ती २०२१ च्या डिसेंबरात देशभर गाजली. तेव्हा आनंद महिंद्रांनीही कौतुक करताना ही गाडी नियमात बसत नाही, हे सांगितलंच होतं आणि बदल्यात बोलेरो देऊ केली होती.

व्हिंटेजची पळवाटही नाही. २०२१ च्या नियमांत गाडी पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपातली लागते. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार केलेला चालत नाही. नव्या नोंदणीचे २०,००० रुपये भरायची तयारी असली तरी पाइपची फ्रेम व्हिंटेज होत नाही.

मग हाताशी दोन रस्ते उरतात.

पहिला, डोनरचं आरसी जिवंत ठेवून बदल मर्यादेत करायचे. यासाठी जिप्सीसारखी वेगळ्या चेसिसची गाडी बरी. ओम्नी आणि ८०० मध्ये वेगळी चेसिस नाही, नंबर बॉडीच्याच पत्र्यावर ठोकलेला असतो. बॉडी कापली की ओळख गेली. तो पत्र्याचा तुकडा नव्या फ्रेमवर वेल्ड करून देणारे भेटतात. त्यांच्या नादी लागू नका. निरीक्षक कागद ठेवून पेन्सिलने नंबर घासून घेतो आणि भोवतीचं वेल्डिंग हाताला लागतं. मग प्रकरण आरटीओचं राहत नाही, पोलिसांचं होतं.

रंग बदलणं, त्याच बनावटीचं आणि त्याच इंधनाचं इंजिन बसवणं, मान्यताप्राप्त केंद्रातून सीएनजी किंवा बॅटरीचं मंजूर किट बसवणं, एवढं या रस्त्यात बसतं. आधी परवानगी घ्या आणि बदल झाल्यावर १४ दिवसांत कळवून आरसीवर नोंद करून घ्या. अर्ज परिवहनच्या पोर्टलवर होतो. सोबत आरसी, चालू विमा, पीयूसी, ओळख आणि पत्त्याचा पुरावा, इंजिनाचं बिल किंवा किटचं प्रमाणपत्र ठेवा. गाडीवर कर्जाचा बोजा असेल तर बँकेची ना-हरकत लागते. कर्ज फिटलं असेल तर नमुना ३५ देऊन आधी बोजा उतरवा. विमा कंपनीलाही लेखी कळवा, नाहीतर अपघातात दावा अडकतो.

दुसरा रस्ता रस्त्याबाहेरचा, आणि मला विचाराल तर खरी किट कार इथेच होते. कलम २(२८) मधल्या मोटार वाहनाच्या व्याख्येतून फक्त कारखान्यात किंवा बंदिस्त आवारातच वापरायची खास गाडी वगळलेली आहे. कॉलेजची पोरं बाहा या बग्गी बांधायच्या स्पर्धेसाठी बनवतात त्या बग्ग्यांना नंबरप्लेट नसते, ती यामुळेच. पण आवार खरोखर बंदिस्त हवं. लोकांना जायचा हक्क आहे अशी कोणतीही जागा कायद्याने सार्वजनिक ठरते. सारंगखेड्याच्या यात्रेचं मैदान, गावाचा शिवरस्ता, तोरणमाळचा घाट, सगळं त्यात आलं. तिथे बिननोंदणीची गाडी सापडली तर कलम १९२ प्रमाणे पहिल्यांदा २,००० ते ५,००० रुपये दंड.

या रस्त्यात खरं काम डोनरच्या कागदांचं असतं आणि बहुतेक जण तेच टाळतात. आपल्या भागात जुन्या गाड्या सुरत, बऱ्हाणपूर, इंदूरकडून येतात. परराज्यातली असेल तर नमुना २८ ची ना-हरकत मागा. नमुना २९ आणि ३० वर विकणाऱ्याच्या सह्या समोर बसून घ्या. पैसे देण्याआधी एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग) ऑनलाइन सेवेत इंजिन आणि चेसिस नंबर टाकून गाडी चोरीची नाही, याचा दाखला काढा. थकलेला कर आणि ई-चलन तपासा.

गाडी नावावर झाली आणि मोडायचं नक्की ठरलं की कलम ५५ लागतं. गाडी कायमची निकामी झाल्यावर १४ दिवसांत नोंदणी प्राधिकाऱ्याला कळवून आरसी जमा करायचं असतं. ते राहिलं तर गाडी कागदावर तुमच्याच नावाने उभी राहते, कर चढत जातो आणि तिच्या नंबरवर कोणी काही केलं तर पोलीस तुमच्या दारात. नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात गाडी दिली तर ती जमा केल्याचं ठेव प्रमाणपत्र मिळतं, पण तिथे गाडीच मोडीत निघते. म्हणून इंजिन-गिअरबॉक्स ठेवायचा असेल तर आधी आरटीओत विचारून घ्या आणि जे सांगतील ते लेखी मागा.

तयार गाडी ट्रॅकवर न्यायची तर टेम्पोवर चढवूनच न्या. धुळ्याहून पिथमपूरच्या नॅट्रॅक्स या वाहन चाचणी ट्रॅकला आग्रा रोडने जाताना सेंधव्याच्या हद्दीवर हटकलं तर दाखवायला रद्द आरसीचं पत्र, इंजिनाचं बिल आणि स्पर्धेचं किंवा ट्रॅकचं पत्र टेम्पोवाल्याजवळच ठेवा.