मुंबईचा ‘वातावरणीय अर्थसंकल्प’ : पार्श्वभूमी

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्यानंतर वाद रंगला तो नालेसफाई आणि मिठी नदीवरून. ताशी २५ मिलिमीटर पाऊस पेलणाऱ्या पर्जन्य जलवाहिन्यांची क्षमता ५० वर न्यायची, हा प्रस्ताव १९९३ पासून कागदावर होता. पुरानंतर त्याला पैसे मिळाले. साचलेलं पाणी समुद्रात उपसून टाकणारी उदंचन केंद्रं (पंपिंग स्टेशन) आठ ठरली, सहा उभी राहिली. मोगरा आणि माहुल वर्षानुवर्षं रखडली.

महापालिकेचा वातावरण कृती आराखडा आला मार्च २०२२ मध्ये. हरितगृह वायूंचं निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणायचं देशाचं लक्ष्य २०७०, मुंबईचं २०५०. २०१९ च्या हिशेबानुसार शहराचं वार्षिक उत्सर्जन सुमारे २.३४ कोटी टन आणि त्यातला ७२ टक्के वाटा ऊर्जेचा, म्हणजे मुख्यतः कोळशावरच्या विजेचा. ही वीज कशापासून बनवायची, हे काही पालिका ठरवत नाही. आराखडा १३ मार्चला प्रसिद्ध झाला. नगरसेवकांची मुदत ७ मार्चलाच संपली होती.

खरी गुंतागुंत पुढच्या शब्दाने केली. जून २०२४ मध्ये ‘वातावरणीय अर्थसंकल्प’ मांडला गेला. नाव ऐकून वाटतं, वेगळी तिजोरी उघडली. तसं काही नव्हतं. २०२४-२५ च्या सुमारे ३१,७७५ कोटींच्या भांडवली खर्चातली कुठली कामं आराखड्याच्या सहा विषयांत बसतात, ते तपासून बेरीज केली गेली: १०,२२४ कोटी, जवळपास ३२ टक्के. अर्थसंकल्प फेब्रुवारीतच मांडून झाला होता. पूरनियंत्रणही त्या सहांपैकी एक, त्यामुळे आराखडा नसता तरी करावीच लागली असती अशी कामंही हिशेबात आली. ही वर्गवारी निरुपयोगी नाही. कुठल्या खात्याचा पैसा कुठे जातो, ते निदान एका जागी दिसतं. पण तिला अर्थसंकल्प म्हणणं जरा जास्तच झालं. मूळ कल्पना नॉर्वेच्या राजधानीची, ऑस्लोची. तिथे पैशांसारखाच उत्सर्जनाचाही जमाखर्च मांडतात: अमुक उपायाने अमुक टन घटणार. मुंबईत बातम्यांचे मथळे गाजले ते कोटींचे.

किनारी रस्त्याचा पहिला टप्पा त्याच वर्षी मार्चमध्ये खुला झाला होता. समुद्रात भराव घालून बांधलेला, मुख्यतः मोटारींसाठीचा हा रस्ताही पालिकेच्याच पैशांतला. बत्तीस टक्क्यांचा हिशेब मांडताना, उरलेला भांडवली खर्च उत्सर्जन वाढवतो की नाही, याचा रकाना मात्र कुणी आखला नाही. आणि तो आखायला लावील असं निवडून आलेलं सभागृहही तेव्हा नव्हतं.