यादीतला पाचशेवा मणी

जावा या प्रोग्रामिंग भाषेत यादीतून एखादी वस्तू काढायची तर एवढंच लिहावं लागतं: यादी.गेट(५००). यादी ‘ॲरेलिस्ट’ असो की ‘लिंक्डलिस्ट’, आज्ञा तीच. ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रामिंगची ही मोठी सोय आहे. वस्तू आत कशी ठेवलीय ते ऑब्जेक्टनं, म्हणजे इथे यादीनं, बघायचं, आपण फक्त मागायची. (मोजणी शून्यापासून होते, म्हणजे हाती येते ती ५०१वी वस्तू.)

ॲरेलिस्टच्या पोटात सारख्या मापाचे खण ओळीनं लावलेले असतात. खणात वस्तूचा मेमरीतला पत्ता असतो, बहुधा ४ बाइटचा. पहिला खण कुठे आहे हे ठाऊक असलं की ५०० गुणिले ४, म्हणजे २००० बाइट पुढे जायचं आणि पत्ता उचलायचा. यादीत हजार वस्तू असोत की दहा लाख, श्रम तेवढेच.

लिंक्डलिस्ट म्हणजे जपमाळ. प्रत्येक मण्याला फक्त शेजारचे दोन मणी माहीत. पाचशे क्रमांकाचा मणी हवा असेल तर एकेक मणी ओढत जावं लागतं. मणी उत्तरार्धात असेल तर जावा शेवटाकडून उलटं मोजत येते, तेवढीच बचत.

एकदाच मागितलं तर हा फरक जाणवतही नाही. पण एक लाख मण्यांच्या माळेवर लूप (तीच आज्ञा पुन्हा पुन्हा चालवणारी फेरी) लावून दर फेरीत गेट म्हटलं, की प्रत्येक वेळी मोजणी टोकापासून नव्यानं सुरू होते. सरासरी २५ हजार पावलं, एक लाख वेळा: २५० कोटी! इथे इटरेटर, म्हणजे यादीतून क्रमानं पुढे नेणारा ऑब्जेक्ट, वापरावा. तो मण्यावरचं बोट न उचलता पुढच्या मण्यावर सरकतो, आणि काम लाखभर पावलांत उरकतं.

रचना लपवणं चांगलंच, पण तिच्याबरोबर खर्चही लपला तर प्रोग्रामरची फसगत होते, असं मला ठामपणे वाटतं. म्हणूनच २००२ साली जावा १.४ मध्ये आलेला ‘रँडमॲक्सेस’ हा इंटरफेस (ऑब्जेक्ट काय करू शकतो हे सांगणारा करार) मला मोलाचा वाटतो. त्यात एकही मेथड, म्हणजे गेटसारखी आज्ञा, नाही. ‘या यादीत थेट हात घालता येतो’ एवढीच ती खूण. ॲरेलिस्टवर ती आहे, लिंक्डलिस्टवर नाही. जावाचं स्वतःचं बायनरी सर्चसुद्धा (क्रमवार लावलेली यादी दर वेळी निम्मी करत शोधण्याची पद्धत) आधी ही खूण तपासतं; ती नसेल आणि यादी पाच हजारांची किंवा त्याहून मोठी असेल, तर ते गेटऐवजी इटरेटरच्या वाटेनं जातं.