मरीन इक की व्हेल्वेट? खाऱ्या पाण्यातील माशांचे दोन परजीवी आणि उपचारांची निवड

कोल्हापुरात खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणारे बहुतेक जण आधी गोड्या पाण्यातले मासे पाळत आलेले असतात, आणि तिथल्या सवयी ते नकळत इकडेही घेऊन येतात. माशावर पांढरे ठिपके दिसले की हीटर वाढवायचा, चमचाभर मीठ टाकायचे, फार तर मिथिलीन ब्लूचे थेंब सोडायचे, हा गोड्या पाण्यातल्या इकवरचा, म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांच्या आजारावरचा, जुना तोडगा आहे. तो आजार इक्थियोप्थिरियस नावाच्या परजीवीमुळे होतो आणि तो परजीवी समुद्राच्या पाण्यात जगत नाही. खाऱ्या टाकीत ठिपके दिसतात तेव्हा संशयित प्रामुख्याने दोन असतात: क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स, म्हणजे मरीन इक, आणि अॅमिलूडिनियम ओसेलेटम, म्हणजे व्हेल्वेट. दोघांनाही मिठाचे भय नाही, आणि तापमान वाढवल्याने त्यांचे जीवनचक्र उलट अधिक वेगाने फिरते. शिवाय पाणी तापले की त्यात विरघळलेला ऑक्सिजन कमी होतो, आणि या दोन्ही आजारांत माशाला नेमकी त्याचीच टंचाई भासत असते.

मरीन इक घडवणारा परजीवी सूक्ष्म केसांनी पोहणारा एकपेशीय जीव आहे. तो माशाच्या त्वचेच्या बाहेरच्या थराखाली शिरतो आणि तिथे झाकलेल्या अवस्थेत पोसला जातो. व्हेल्वेटचा परजीवी डायनोफ्लॅजेलेट या वेगळ्या गटातला असून तो त्वचेत शिरत नाही; मुळांसारखे तंतू पेशींत रोवून तो पृष्ठभागावर चिकटतो, आणि त्याची पहिली पसंती कल्ल्यांना असते. एक कातडीखाली आणि दुसरा कातडीवर, एवढा हा फरक. पुढच्या उपचारांतले बरेचसे गोंधळ त्याकडे दुर्लक्ष केल्याने होतात.

मरीन इकचे ठिपके मिठाच्या दाण्याएवढे, सुटे सुटे आणि मोजता येण्याजोगे असतात. मासा खडकाला अंग घासतो, परांवर दाणे दिसतात, पण सुरुवातीला तो खात असतो आणि टाकीत फिरतही असतो. व्हेल्वेटचे कण त्याहून कितीतरी लहान, अनेकदा मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास असतात. त्यांची राखाडी-सोनेरी भुकटी समोरून पाहिली तर दिसतच नाही. रात्री खोलीतले दिवे बंद करून टॉर्चचा झोत माशाच्या अंगावर तिरपा टाकला आणि बाजूने पाहिले, तर गडद रंगाच्या माशावर ही भुकटी चमकते. पांढऱ्या किंवा पिवळ्या माशावर तेवढीही खात्री देता येत नाही. म्हणून व्हेल्वेटमध्ये ठिपक्यांपेक्षा वागणुकीवर विसंबावे. मासा पॉवरहेडच्या (पाणी फिरवणाऱ्या छोट्या पंपाच्या) प्रवाहात तोंड घालून एका जागी उभा राहतो, उजेड टाळतो, अन्नाकडे पाहत नाही आणि कल्ल्यांची झाकणे फार जलद हलवतो. क्लाउनफिश कालपर्यंत ठीक होते आणि आज सकाळी दोन मेलेले सापडले, अंगावर एकही ठिपका नव्हता, अशी तक्रार ऐकली की माझा पहिला संशय व्हेल्वेटवर जातो, कारण कल्ले निकामी होऊन मासा गुदमरतो तेव्हा त्वचेवर काही उमटायला वेळच मिळालेला नसतो.

सर्वांत जास्त फसवणूक होते ती ठिपके नाहीसे होण्याने. मरीन इकचा परजीवी माशावर साधारण ३ ते ७ दिवस पोसला जातो, मग स्वतःहून मासा सोडतो, तळावर किंवा खडकावर चिकटून स्वतःभोवती कोश तयार करतो आणि आत विभागत राहतो. एका कोशातून दोनशेच्या आसपास नवे जीव बाहेर पडू शकतात. त्यांना मासा लवकर सापडावा लागतो. दोन दिवसांच्या आत सापडला नाही तर ते मरतात. म्हणजे ठिपके गेलेले दिसतात त्या दिवशी रोग बरा झालेला नसतो, तो वाळूत उतरलेला असतो. नेमक्या त्याच आठवड्यात पाळणाऱ्याने लसूण घातलेले खाद्य दिलेले असते किंवा क्लीनर श्रिंप (माशांचे अंग साफ करणारी कोळंबी) आणून सोडलेली असते, आणि श्रेय त्यांना मिळते. लसणाने मासा खायला लागत असेल तर तो अवश्य द्यावा, पण ते औषध नव्हे. व्हेल्वेटचे चक्रही असेच आहे, मात्र एका कोशातून २५६ पर्यंत जीव सुटतात आणि अनुकूल तापमानात सारा फेरा आठवड्याच्या आत पूर्ण होतो. इक सहसा दिवसांची सवड देतो. व्हेल्वेट कधी कधी एका दिवसाचीही देत नाही.

खात्रीच करायची असेल तर सूक्ष्मदर्शक लागतो. नुकत्याच मेलेल्या माशाच्या कल्ल्याचा छोटा तुकडा काचपट्टीवर घेऊन प्राणिशास्त्राच्या कोणत्याही विद्यार्थ्याकडून महाविद्यालयातल्या साध्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहून घेता येतो. गोल, हळूहळू फिरणारा आणि कडेने केस हलवणारा जीव दिसला तर तो इक. नासपतीच्या आकाराचा, गडद आणि अजिबात न हलणारा दिसला तर व्हेल्वेट.

आता उपचार. गोड्या पाण्यातली पाच मिनिटांची डुबकी (तापमान आणि पीएच टाकीशी जुळवून, क्लोरीन काढलेल्या पाण्यात) व्हेल्वेटचे पुष्कळ कण पाडते आणि माशाला श्वास घेण्यापुरता आराम देते. इकवर तिचा परिणाम नगण्य, कारण तो कातडीच्या आडोशाला बसलेला असतो. याउलट, पाण्याचे विशिष्ट गुरुत्व (खारटपणाचे माप) १.०२५ वरून दोन-तीन दिवसांत १.००९ पर्यंत उतरवून चार आठवडे तिथेच राखले तर इक सहसा संपतो, पण व्हेल्वेट एवढ्या कमी खारटपणात आरामात जगतो. दर ७२ तासांनी मासा कोरड्या, स्वच्छ केलेल्या दुसऱ्या टाकीत हलवायचा आणि असे चार वेळा करायचे, ही औषधाविना चालणारी पद्धत इकसाठी उत्तम आहे, कारण कोश फुटण्याआधीच मासा पुढे गेलेला असतो. व्हेल्वेटचा फेरा त्याहून वेगवान असल्याने तिथे ती लागू पडत नाही.

दोघांवरही भरवशाने चालणारा उपाय म्हणजे कॉपर, अर्थात पाण्यात विरघळवलेले तांबे. निदानाबद्दल शंका असेल तर व्हेल्वेट समजूनच सुरुवात करावी, असे माझे स्पष्ट मत आहे: इकला व्हेल्वेट समजून कॉपर दिले तर इकही जातो, पण व्हेल्वेटला इक समजून खारटपणा उतरवत बसलात तर मासे वाचत नाहीत. कॉपर फक्त पाण्यात पोहणाऱ्या अवस्थेला मारते, कोशाला नाही, म्हणून त्याची पातळी एक दिवसही घसरू न देता ३० दिवस टिकवावी लागते. हे मुख्य टाकीत कधीच करू नये. प्रवाळ, कोळंबी आणि गोगलगायी मरतात, आणि खडक व प्रवाळवाळू कॉपर शोषून घेतात. उपचाराची टाकी वेगळी आणि वाळू-खडकांविना असावी: स्पंज फिल्टर, एअर पंप, लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे, एवढेच. फिल्टरमधला कार्बन काढून ठेवावा, आणि अमोनिया बांधून ठेवणारी द्रावणे कॉपरसोबत वापरू नयेत. अमोनिया वाढला तर तेवढीच कॉपरची मात्रा घातलेले नवे पाणी बदलून द्यावे.

तयार औषध मिळाले नाही की कोणीतरी शेती सेवा केंद्रातून मोरचूद आणण्याचा सल्ला देतो. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेटच, पण बोर्डो मिश्रणासाठी (पिकांवरच्या बुरशीनाशक फवाऱ्यासाठी) विकल्या जाणाऱ्या मालाच्या शुद्धतेची हमी नसते. घ्यायचेच तर प्रयोगशाळेच्या दर्जाचे घ्यावे. त्यात सुमारे २५ टक्के तांबे असते. लक्ष्य आहे लिटरला ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम तांबे, म्हणजे १०० लिटरच्या टाकीला सुरुवातीला १५ मिलिग्रॅम तांबे, अर्थात जेमतेम ६० मिलिग्रॅम कॉपर सल्फेट. हे वजन घरच्या काट्यावर नीट पकडता येणार नाही. त्यापेक्षा १ ग्रॅम कॉपर सल्फेट १ लिटर डिस्टिल्ड पाण्यात विरघळवावे. मग त्याचे ६० मिलिलिटर १०० लिटरला पुरतात. इकच्या संशयात ते दोन दिवसांत विभागून घालावेत, आणि टेस्ट किटने सकाळ-संध्याकाळ मोजावे. बाजारातल्या बांधीव (दुसऱ्या रसायनाशी बांधलेल्या, चिलेटेड) कॉपरच्या औषधांची मात्रा याच्या अनेकपट असते, त्यामुळे एकाचे आकडे दुसऱ्याला लावू नयेत. व्हेल्वेटवर क्लोरोक्विन फॉस्फेट लिटरला १० मिलिग्रॅम हाही पर्याय आहे, परंतु ते चिठ्ठीवर मिळणारे औषध आहे आणि इकवर त्याचा भरवसा कमी.

मासे उपचाराच्या टाकीत असताना मुख्य टाकी माशांविना ठेवावी लागते. इकचा कोश ७२ दिवसांनंतरही फुटल्याची नोंद असल्याने ७६ दिवसांचा नियम पाळला जातो. व्हेल्वेटसाठी सहा आठवडे पुरेसे मानतात. निदान पक्के नसेल तर मोठा आकडा धरावा. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात पंखा किंवा चिलर नसलेल्या टाक्या ३० अंशांवर जातात तेव्हा आणि पावसाळ्यात वीज तासन्‌तास जाते तेव्हा उपचाराच्या टाकीला बॅटरीवरचा एअर पंप जोडलेला असावा, कारण कल्ले आधीच खराब झालेला मासा पहिल्यांदा तिथेच हार मानतो.

आंबा घाटातून रत्नागिरीचे समुद्राचे पाणी कॅनमध्ये भरून आणणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की दोन्ही परजीवी उष्ण समुद्रांचेच रहिवासी आहेत. ते पाणी काही आठवडे अंधारात, माशांविना साठवून मगच टाकीत घालावे, आणि मुंबईहून रात्रीच्या बसने आलेल्या माशाच्या पिशवीतले पाणी तर टाकीत अजिबात ओतू नये. दोन टाक्यांची जाळी, बादल्या आणि पाइप वेगळे ठेवावेत. ओल्या जाळीतून व्हेल्वेट एका टाकीतून दुसरीत सहज पोचतो.